पाच पावसाळे गुरं पाठवू नकोस

कोरीट, ता. नंदुरबार
२ एप्रिल १९५६

मित्र दिलवरसिंग यास सुपडूचा राम राम.

होळीला येतो म्हणालो होतो आणि आलो नाही, म्हणून तू रागावला असशील. राग असेल तर कागदावर काढ, पोटात ठेवू नकोस. न येण्याचं कारण असं, की विहिरीवर ऑइल इंजिन बसवलं. बसवायला आलेला मिस्त्री पाया तिरका घालत होता. त्याला बाजूला केलं, ओळंबा स्वतः धरला आणि चारही बोल्ट माझ्या हातांनी आवळले. आता इंजिन धडधडत असताना त्याच्या ओट्यावर पाण्याची वाटी ठेवली तर पाणी थरथरतं, सांडत नाही. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, तुम्ही हाई कोठे शिकनात?" मी म्हटलं, "जठे कोनी शिकाडनारा नव्हता तठे."

म्हणजे तुझ्या डोंगरावर. अजून डोळ्यांपुढे येतं सगळं. माझ्या बापाची गुरं पावसाळाभर तुझ्या बापाच्या हवाली, आणि गुरांबरोबर मी. मिसरूड फुटायचं होतं तेव्हा. खांडबाऱ्याच्या जेठमल शेटकडून मीठ ज्या वर्तमानपत्रात बांधून यायचं तो कागद आपण शेकोटीवर वाळवायचो, आणि कोळशाने त्यातली अक्षरं खडकावर उतरवायचो. अर्थ दोघांनाही कळत नव्हता. तरी कुणाचं अक्षर कागदातल्यासारखं आलं यावर मारामारी व्हायची. शाळेत गेलेली माणसं आज माझ्याकडून अर्ज लिहून घेतात तेव्हा मला तो खडक आठवतो.

आता कामाचं. गुरं नेहमीप्रमाणे आषाढाच्या तोंडाला निघतील. यंदा बरोबर जालमसिंग आहे. आमचा नवा सालदार, माणूस मुका वाटतो पण जनावराला जपतो. इकडे गुरांना उभं राहायला जागा नाही. गायरान लोकांनी नांगरलं आणि माझ्या पडीत मी केळी लावली. घड धरले की टेकू लागतील, तेव्हा एक गाडीभर बांबू बाजूला काढून ठेव. तू आता जंगल कामगार सोसायटीचा चेअरमन आहेस, तुला कोण अडवणार?

धनुबाईला आमच्या अनुसयाचा नमस्कार. तुझ्या आत्याला, दिवलीफुईला माझा दंडवत.

तुझा
सुपडू


टेंभीपाडा, पो. खांडबारा
१६ एप्रिल १९५६

मित्र सुपडू यास,

प्रथम एक दुरुस्ती. नुसता बांबू म्हणून काही नसतं. कटांग असतो, तो काटेरी आणि पोकळ. मानवेल असतो, तो बारीक आणि भरीव. तुझ्या केळीला मानवेल लागेल, आणि मानवेल आत्ता मिळणार नाही. तो फुलला आहे.

हे तू कधी पाहिलेलं नाहीस, मीही नव्हतं, म्हणून सांगतो. दिवाळीनंतर पानं पिवळी पडून गळाली. आम्हाला वाटलं कीड आहे. मग प्रत्येक पेरावर बोराएवढे काटेरी गोंडे आले, वरपासून खालपर्यंत. आता सगळा डोंगर राखेच्या रंगाचा दिसतो. वारा आला की एरवी मानवेल करकरतो, तसा न करकरता सुकलेल्या तुरीसारखा खुळखुळतो. जातीचा स्वभावच असा, की माणसाच्या एका उमरीत एकदा फुलायचं, बी टाकायचं आणि सगळ्यांनी मिळून मरायचं.

दिवलीफुईने मात्र पाहिलं आहे. मानमोडीच्या साथीच्या थोडं आधी फुलला होता, ती तेव्हा लेकुरवाळी होती. गोंडा हातात घेतला, दाताखाली एक दाणा फोडला आणि म्हणाली, "डोंगर बंद करा."

आमची रीत अशी आहे. पहिलं बी गावदेवाला. खडकावर, वाटेवर, अंगणात पडलेलं बी माणसाने झाडून घ्यावं. त्याची भाकरी होते, गव्हासारखी दिसते पण घास कोरडा लागतो. मातीवर पडलेल्या बियाला कुणी हात लावायचा नाही, ते डोंगराचं. बी पुरतं गळेपर्यंत वाळलेला वेळूही तोडायचा नाही. सोसायटीतली जवान पोरं म्हणत होती की मेलेला माल आहे, लवकर तोडून रोजी मिळवू. मी त्यांना थांबवलं आहे.

आता सर्वांत अवघड ते. मानवेलचं रोप उगवतं तेव्हा ते हुबेहूब गवत असतं. बैलाला फरक कळत नाही. खरं सांगायचं तर पहिली दोन सालं माणसालाही कळत नाही. रोप बैलाच्या शिंगांच्या वर गेलं म्हणजे वाचलं. म्हणून पाच पावसाळे गुरं पाठवू नकोस. आमचीही आम्ही चढू देत नाही, नाल्याखाली बांधून आहेत. शेळ्या तर माझ्या सासुरवाडीला पाठवल्या, सासरा बोलेनासा झाला आहे.

फुई सांगते, मागच्या वेळी तुझ्या आज्यालाही असाच निरोप गेला होता. हे तुला लिहिणं सोपं नव्हतं. पण हा मानवेल गेला तर आमच्या भिंती, कणग्या, टोपल्या, मेलेल्या माणसाची तिरडीसुद्धा गेली.

तुझा
दिलवरसिंग वळवी


कोरीट
२९ एप्रिल १९५६

चेअरमन दिलवरसिंग वळवी यांस,

पत्र पावलं. अक्षर सुरेख आहे. मजकूर मी अनुसयाला वाचून दाखवला, ती म्हणाली, "पुन्हा वाचा, तुम्हनं काहीतरी चुकनं." पुन्हा वाचला, तोच निघाला.

माझ्या आज्याची गोष्ट तू काढलीस, तर ऐक. आमच्या घरात त्या वर्षांना भांडणाची सालं म्हणतात. डोंगरवाल्यांनी गुरं घेतली नाहीत, आज्याने अर्धी कवडीमोल विकली, उरलेली उन्हाळ्यात मेली. फुलांबिलांची गोष्ट आमच्यापर्यंत कुणी आणली नाही. आता तू आणलीस. तूच मला सांग, सगळा डोंगर रिकामा आणि त्यावर कोवळं गवत, आणि त्यात एकही जनावर नाही, हे कुणाला पटेल? माझ्या कानावर आलं आहे की सोसायट्या आता चराई दुसऱ्यांना देतात. तसं असेल तर सरळ लिही. आपल्यात आडपडदा कधीपासून?

आणि तीन पिढ्या आमच्या गुरांचं शेण तुमच्या डोंगरावर पडलं, त्याचं काही नाही? मी सोळा वर्षांचा असताना तापाने फणफणलो तर तुझ्या आईने मला नागलीची पेज पाजून उठवलं. त्या घराने मला दाराबाहेर उभं करावं?

केळी उपटून मी गवत लावणार नाही. इंजिन बसवलं ते पाहायला नाही. गुरं निघतील. हाकलायची असतील तर वेशीवर उभं राहून, त्यांच्या तोंडाकडे बघून हाकल.

सुपडू


टेंभीपाडा
१३ जुलै १९५६

सुपडू यास,

गुरं पोचली. पायाने लंगडी होती ती तांबडी गायही पोचली. रीतीप्रमाणे वाघदेवापुढे नेली, नारळ फुटला. काळजी नसावी. जालमसिंगला पडवीत जागा दिली आहे. पाऊस बरा.

दिलवरसिंग


कोरीट
१८ नोव्हेंबर १९५६

मित्र दिलवर यास सुपडूचा राम राम, मनापासून.

गुरं काल संध्याकाळी आली. मी वेशीपर्यंत पुढे गेलो होतो. काय सांगू! एकेकाची पाठ अशी चकचकीत, की हात घसरावा. तांबडी तर गाभण दिसते. गेल्या दहा सालांत अशी परत आली नव्हती. मी जालमसिंगला विचारलं, "डोंगरवर चारा कसा व्हता?" म्हणाला, "भरपूर व्हता." एवढंच. त्याच्या तोंडून याहून जास्त कधी निघालं आहे?

मी एप्रिलात लिहिलं ते कडू होतं. ते फाडून टाक. पण मित्रा, आता तूही कबूल कर, की फुईचं वय झालं आहे. तिने चार गोंडे पाहिले आणि सगळ्या गावाला घाबरवलं. पावसाळाभर गुरं राहिली, डोंगराला काय झालं? काही नाही. तुझ्या पत्रात तक्रारीचा शब्द नाही, त्यावरूनच मी ओळखलं.

तेव्हा पुढल्या साली आणखी एक विनंती. आमचा शेजारी बन्सीलाल, त्याची दहा-बारा जनावरं आहेत आणि गायरान नाहीसं झाल्यापासून तो कडबा विकत घेऊन कंगाल झाला आहे. मी त्याला शब्द देऊन बसलो. तुझ्या जिवावर दिला, दुसऱ्या कुणाच्या जिवावर देणार?

तुझा
सुपडू


टेंभीपाडा
९ जानेवारी १९५७

मित्र सुपडू यास,

बन्सीलालची पाठवू नकोस. तुझी येतील तर येतील.

बी गळल्यानंतर वाळलेला मानवेल सोसायटीने तोडला. तुझ्या केळीसाठी गाडी भरून खांडबाऱ्याहून रवाना केली आहे. शेंडे काढून टाकले आहेत, बूड खाली करून रोव, नाहीतर भार पेलणार नाही.

धनुबाईची मान धरली आहे. उजवीकडे वळत नाही. तुमच्याकडे गुजर मंडळी ते ओव्याचं तेल काढतात, ते मिळालं तर पाठव.

बाकी ठीक.

दिलवरसिंग


कोरीट
२२ ऑगस्ट १९५७

दिलवर,

हे पत्र मिळेल तोवर तू घरी परतला असशील. तू धुळ्याला सोसायटीच्या सभेला गेला होतास आणि मी न कळवता टेंभीपाड्याला जाऊन आलो. तू नको म्हणालास तरी बन्सीलालची गुरं मी पाठवली होती. ती सुखात आहेत हे त्याला छातीठोक सांगता यावं म्हणून गेलो. धनुबाईने तुला सांगितलं असेलच, पण मी काय पाहिलं ते माझ्याकडूनही ऐक.

खांडबाऱ्याहून चालत आलो. नाल्याशी पोचलो तर डोंगरावर एक जनावर नाही. मला वाटलं, वाघ लागला. मग गावात शिरलो. पहिल्याच घराच्या पडवीत माझे दोन बैल दाव्याला बांधलेले, पुढ्यात ओलं गवत. पुढल्या घरात बन्सीलालची म्हैस. त्याच्या पुढल्या घरात तांबडी आणि तिचं वासरू. घरागणिक दोन-दोन, तीन-तीन. गावातली स्वतःची गुरं मात्र नाल्याच्या काठी चिखलात, हाडं वर आलेली.

आणि समोरच्या, नाल्यापलीकडच्या उतारावरून बाया रांगेने उतरत होत्या. डोक्यावर पवन्या गवताचे भारे, तोंडं दिसत नव्हती, नुसते भारे चालत आल्यासारखे. सर्वांत पुढे धनुबाई. भारा टाकला, मान सरळ करायला दोन्ही हात लावले आणि मला पाहून पदर सावरत म्हणाली, "भाऊ, कधी उनात? बसा, चहा टाकस." तेल मी पाठवलं होतं, दिलवर. तेल! आणि तेल घेऊन गेलेल्या माणसामागोमाग बन्सीलालची बारा जनावरं पाठवली होती.

जालमसिंग कोपऱ्यात उभा. म्हटलं, "तू माले सांगं का नही?" तो म्हणाला, "चेअरमननी आन घाली व्हती." मग फुई काठी टेकत आली. तुला तिचा आवाज माहीत आहे. "ऊना का रे सुपडू? तुन्हा ढोरे मोजी ले. एक बी कमी नही." मी विचारलं, फुई, का केलंत असं? माझी गुरं वेशीवरून परत का नाही लावली? तर माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी तिला दिवसा कंदील दाखवला. "वाघदेवले दखाडं ते जनावर गावनं. गावनं जनावर भुक्यं ठेवतंस का?"

त्या रात्री मी तुमच्याकडे जेवलो. पान तसंच सोडलं असतं तर धनुबाईला वाईट वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी सगळी गुरं सोडली आणि घेऊन निघालो, बन्सीलालचीही. भर पावसात, चिखलातून. धनुबाई नको म्हणत होती. इथे आणून माझ्या उसात घातली. उभ्या उसात. कमरेएवढा झाला होता. गाव बांधावर गोळा झालं, "सुपडूले याड लागनं" म्हणून. बन्सीलालने आपली जनावरं मोजून घेतली आणि तेव्हापासून बोलत नाही. अनुसया तेवढी म्हणाली, "ऊस पुढला साल परत ई."

पण तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही. माझी गुरं उपाशी मेली असती तरी चाललं असतं, पण तू मला लिहायला हवं होतंस. दोन ओळी. मी अक्षरं कशासाठी शिकलो? तुझ्याबरोबर शिकलो ना?

सुपडू


टेंभीपाडा
११ सप्टेंबर १९५७

मित्र सुपडू यास,

तू गुरं पावसात नेलीस ही चूक. नाल्याला पूर असता तर बन्सीलालची म्हैस आज वाहून सुरतेला असती. असो, सगळी पोचली हे ऐकून धनुबाईने देवाला दिवा लावला.

लिहिलं नाही याचं कारण विचारतोस. पहिल्या वर्षी गुरं वेशीवर आली तेव्हा मी काठी घेऊन उभा होतो. तू लिहिलं होतंस, तोंडाकडे बघून हाकल. पाहिलं. पुढे तांबडी होती, लंगडत. ज्या गाईच्या आज्जीचं दूध आपण दोघं एका पानाच्या द्रोणातून प्यायलो, तिला कसं हाकलू? गावाने ठरवलं, दावणीला बांधू आणि नाल्यापलीकडचं गवत कापून घालू. तिकडे मानवेल नाही, नुसतं गवत, पवन्या आणि शेडा. एकदा ठरल्यावर मग ते तुला कळवणं म्हणजे पाहुण्याच्या पानात वाढलेलं मोजून दाखवणं. फुईने मला तसं बजावलं, आणि मलाही ते पटलं होतं. तुझ्या नोव्हेंबरच्या पत्राने मात्र झोप उडाली. तू फुईला म्हातारी झाली म्हणालास ते तिला वाचून दाखवलं नाही, हे माझे उपकार समज.

आता जे तुला दिसलं नाही तेही सांगतो, म्हणजे काही आड राहायचं नाही. पहिल्याच वर्षी, दावणीची व्यवस्था लागण्याआधी, एका रात्रीत गुरं सुटून डोंगराच्या उगवतीकडच्या सोंडेवर चढली. तिथे बी सर्वांत दाट पडलं होतं. सकाळी पाहिलं तर जमीन कातरल्यासारखी. मी स्वतः गुडघ्यांवर बसून सबंध सोंड पाहिली. रोपांची मुळं राहिली होती, कोंब नव्हते. यंदा त्यांतली थोडी पुन्हा हिरवी झाली आहेत, बरीचशी झाली नाहीत. फुई म्हणते पाच पावसाळे आता पुढल्या सालापासून नव्याने मोजा.

हे तुला दुखवायला लिहीत नाही. तूच म्हणालास, लिहायला हवं होतं.

जवान पोरं आता रोपं ओळखायला शिकली. खरं गवत बोटांत फिरवलं तर सपाट लागतं, मानवेलचं पातं देठाशी किंचित मुरडलेलं असतं. मी ते सोसायटीच्या फळ्यावर चित्र काढून लावलं आहे. चित्र चांगलं आलं आहे.

उसाबद्दल काय लिहू? अनुसयाबाईला माझा राम राम सांग.

दिलवरसिंग


टेंभीपाडा, पो. खांडबारा, जि. धुळे
२० मे १९६३

मित्र सुपडू यास दिलवरसिंगचा राम राम.

मधल्या वर्षांत आपली पत्रं आली-गेली ती लग्नांची आणि मरणांची. फुई गेली ते तुला कळवलंच होतं. आज कारण वेगळं आहे.

काल गावदेवापुढे सगळे बसलो. सर्वांत उंच शिंगांचा बैल मानवेलात नेऊन उभा केला. शिंगं दिसेनाशी झाली. डोंगर उघडला.

तू पाहायला हवं होतंस. चालताना अंगाला पानं घासतात, आणि दुपारी वारा सुटला की तोच जुना करकर आवाज, आपण खोपटात पडून ऐकायचो तो. आमच्या पोरांनी तो ऐकलाच नव्हता. एक जण मला विचारतो, काका, हे काय वाजतं? उगवतीची सोंड मात्र अर्धी उघडी राहिली आहे. तिथे आम्ही या पावसाळ्यात दुसरीकडची रोपं उपटून लावणार.

तेव्हा आता गुरं पाठव. बन्सीलालची असतील तर तीही. मी वेशीवर उभा राहीन. या वेळी काठी नसेल.

तुझा
दिलवरसिंग


कोरीट
६ जून १९६३

मित्र दिलवर यास,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं आणि घडी घालून ठेवलं, म्हणून उत्तराला उशीर.

पाठवायला गुरं नाहीत.

एकदम गेली नाहीत, सांगतो कशी गेली. त्या सालानंतर मी केळीची एक बाजू काढून गवताला सोडली, चार वर्षं भागवलं. मग पाणी खाली गेलं. माझ्यासारखी इंजिनं प्रत्येकाने बसवली, सगळ्यांच्या विहिरी एकमेकींचं पाणी ओढायला लागल्या. गवताला पाणी द्यायचं की केळीला? पोरांनी केळी म्हटलं. एक-एक गाय गेली. बैल सारंगखेड्याच्या जत्रेत गेले, आता नांगरायला भाड्याचा ट्रॅक्टर येतो. तो काम चोख करतो, फाळाची खोली मी स्वतः मोजली. बन्सीलाल परवा म्हणाला, "भाऊ, सकाळे गोठामा काहीच वाजत नही." सहा वर्षांनी तो माझ्याशी पहिल्यांदा बोलला, आणि हे बोलला.

एक कालवड आहे. तांबडीच्या वंशातली शेवटची. अनुसयाने विकू दिली नाही. तिला पाठवायचं ठरवलं आणि मी वाट आठवायला बसलो. पहिला मुक्काम ज्या पडीत करायचो तिथे आता ऊस आहे. दुसरा नाल्याकाठच्या बाभळींखाली, त्या बाभळी विटाभट्टीत गेल्या. तिसऱ्या मुक्कामाच्या जागी कुंपण आहे. कोरीटहून खांडबाऱ्यापर्यंत एका जनावराला एक रात्र बसायला मोकळी जमीन राहिलेली नाही. माझा बाप पन्नास जनावरं गाणी म्हणत न्यायचा त्या वाटेवर.

म्हणून ती ट्रकमधून येईल, कपाशीच्या. जालमसिंग बरोबर असेल. एका कालवडीसाठी तुमचा डोंगर उघडणं म्हणजे थट्टा वाटेल. वाटली तर वाटू दे. तिला पाठवल्याशिवाय मला राहवत नाही.

तुझा
सुपडू


टेंभीपाडा
३ जुलै १९६३

मित्र सुपडू यास,

कालवड पोचली. ट्रकमधून उतरताना बिचकली, पण कुठे खरचटलं नाही. वाघदेवापुढे नेली. तिच्यासाठी सगळं गाव आलं होतं, थट्टा कुणी केली नाही.

आता एक अडचण सांगतो, नीट वाच.

पहिल्या दिवशी तिला वर नेली. गवत तिच्या पोटाला लागत होतं, पवन्या, सकाळचं दव असलेला. ती त्यात उभी राहिली आणि मान वर करून माझ्याकडे बघत राहिली. आम्हाला वाटलं, जागा नवी आहे. दुपारपर्यंत तशीच. हंबरायची आणि माझ्या हातांकडे बघायची. शेवटी धनुबाईने एक मूठ कापून तिच्यापुढे धरली, तेव्हा खाल्ली. मूठ संपली की पुन्हा हातांकडे. सुपडू, तिला चरता येत नाही. जन्मापासून तिला सगळं दावणीत कापून मिळालं. चारही बाजूंना गवत आहे आणि ते खाण्यासाठी आपण मान खाली घालायची असते, हे तिला कुणी शिकवलेलं नाही.

आमच्या गाईंच्या मागे सोडून पाहिली. त्या पुढे जातात, ही मागे राहते. आमच्या हाकेला कान हलवत नाही, ती हाक तिच्या कानांची नाही. जालमसिंगने तुझ्यासारखी हाक मारून पाहिली, तेव्हा वळली, चार पावलं आली, माणूस दुसराच आहे हे पाहून थांबली.

धनुबाई म्हणते मूठमूठ चारत राहू, आम्हाला सवय आहे. मी नाही म्हटलं. तू ये. सोबत काही आणू नकोस. सकाळी तू पुढे चाल आणि तुझ्या आवाजात तिला बोलाव, ती तुझ्यामागे येईल. मध्येच खाली बस. तू बसलास की तीही थांबेल, आणि थांबलेलं जनावर कधी ना कधी नाक खाली नेतं. किती दिवस लागतील ते मला सांगता येणार नाही, आणि तूही विचारू नकोस.

पडवीत तुझी बाज टाकली आहे. इंजिन पोरांच्या हवाली कर.

तुझा
दिलवरसिंग